मागचं रीडिंग, चालू रीडिंग

नागपुरात एकट्या पोरीने खोली मागायला गेलं की घरमालक काय काय विचारतात ते मला तोंडपाठ झालं होतं. लग्न काहून नाही झालं, मटण शिजवता का, पाहुणे किती येतात, ड्यूटी किती वाजता सुटते. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर मला नोकरी लागली होती, आणि चार घरांतून 'सांगतो नंतर' ऐकून मी प्रताप नगरातल्या पाचव्या फाटकाशी उभी होते. स्वभाव माझा तसाही तापट, त्यात मे महिना. दार उघडलं ते एका उंच, वाळक्या म्हाताऱ्याने. अंगात बनियन, गळ्यात कॅमेरा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न केला.

"भिंतीवर कॅलेंडर लावशील ना वं?"

"लावीन ना जी," मी म्हटलं.

"मंग ये आत. पाणी पी."

बाप्पा! मी मनात म्हटलं, हा माणूस एक तर देव आहे, नाहीतर याचा स्क्रू ढिला आहे. पुढे सहा वर्षं त्या घरात राहिले आणि दोन्ही अंदाज थोडे थोडे खरे निघाले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मला वरच्या खोलीच्या दारात उभं केलं. थोडं डावीकडे सरक म्हणाले, अजून सरक म्हणाले, इतकं सरकवलं की माझा अर्धा कान चौकटीबाहेर गेला. कशासाठी? तर मागच्या भिंतीवर मी लावलेलं किराणा दुकानाचं कॅलेंडर पूर्ण दिसावं म्हणून. "माणूस थोडं कटलं तरी चालते, साल नाही कटलं पायजे," हे त्यांचं तत्त्व. तीन दिवसांनी त्यांनी फोटोची प्रत माझ्या हातात आणून दिली. मागे निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'वरची खोली'. माझं नाव नाही, गाव नाही. मी अशी भडकले! दिवसभर खिडकीत बसून मी येणाऱ्या प्रत्येकाला नाव, वय, पत्ता विचारत असे, आणि इथे मला नुसती खोली करून टाकलेली.

"काका, मला नाव आहे हो," मी म्हटलं.

"नावाचं काय खरं हाये," ते शांतपणे म्हणाले आणि निघून गेले.

त्याचा उलगडा काकूंनी केला. काका आयुष्यभर विजेच्या खात्यात मीटर रीडर होते. महिनाभर पायी फिरायचं, घरोघरी जाऊन टॉर्च मारून मीटरचे आकडे टिपायचे. नागपूरच्या अर्ध्या गल्ल्या त्यांच्या पायाखालून गेलेल्या, आणि पायाला कुत्रे चावल्याच्या खुणा काकू एखाद्या दागिन्यासारख्या मोजून दाखवत. त्या नोकरीत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. मीटर असते आज्याच्या नावावर, आजा मरून वीस वर्षं झालेली, घरात राहते भलताच भाडेकरू. नाव खोटं असू शकते. विजेचा खांब मात्र जिथे आहे तिथेच असतो. म्हणून काका माणसांना खांबाच्या नंबराने ओळखत. खांब नऊ, डावा हात, दुसरं दार. एवढं सांगितलं की त्यांना त्या घरातल्या माणसाचं हसणंसुद्धा आठवत असे.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. यांनी कॅमेरा घेतला आणि पुन्हा त्याच गल्ल्या धरल्या. दर जानेवारीत, नवीन कॅलेंडरं भिंतीवर चढली की संक्रांतीच्या आत फेरी पुरी करायची. सकाळी साडेआठला निघायचं, मागच्या वर्षी जिथे उभे होतो तिथेच उभं राहायचं, तोच रस्ता, तेच दार, तीच माणसं. याला ते 'फोटो काढणे' कधीच म्हणत नसत. "रीडिंग घ्याले चाललो," म्हणत. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती निघत. एक त्या माणसाच्या हातात, स्वतः नेऊन. दुसरी घरी बिस्किटाच्या डब्यात.

"पण काका, एकच रस्ता दरवर्षी काय काढायचा?" मी एकदा विचारलं.

"मागचं रीडिंग अन् चालू रीडिंग. दोघांतला फरक काढला का समजते, किती जळलं."

मग त्यांनी मला धरमपेठेतल्या एका बंगल्याचे फोटो ओळीने मांडून दाखवले. पहिल्यात बंगला, आंब्याचं झाड, झोपाळ्यावर दोन म्हाताऱ्या बहिणी. मग एकच बहीण. मग कुलूप. मग पत्र्याचं कुंपण. मग सात मजले आणि खाली खुर्चीत चौकीदार. "मोज," काका म्हणाले. "एक आंबा, एक झोपाळा, दोन बाया." त्यांचा आवाज मीटरचा आकडा सांगतात तसा कोरडा होता, पण फोटो परत डब्यात ठेवताना त्यांनी बहिणींचा फोटो वर ठेवला, चौकीदाराचा खाली. मला हा माणूस त्या दिवशी आवडला.

नाव न विचारण्याच्या खोडीपायी फजितीही होत असे. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगापाशी त्यांनी एका हमालाचा फोटो घेतला. प्रत द्यायला गेले तर माणूस जागेवर नाही. मग तीन रविवार हे उन्हात विचारत फिरले, "डाव्या खांद्यावर घट्टा हाये, हसताना एक डोळा मिटते, तो कुठं गेला?" एका आडत्याला वाटलं हे करवसुलीवाले, तो दुकान सोडून पळाला. शेवटी हमाल सापडला कांद्याच्या शेडमध्ये. त्याने फोटो नीट पाहिला आणि म्हणाला, "हा मी नोहो जी. हा माहा भाऊ. तो गावाले गेला." काकांनी त्याचाही फोटो काढला आणि खुशीत घरी आले. म्हणे, एकाचे दोन झाले.

काकू हे सगळं ऐकून कपाळाला हात लावत. "मले खंबा नंबर नाही ना पोरी, म्हणून लग्नानंतर माहा एक फोटो नाही या माणसानं काढला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते खोटं होतं. एका डब्यात 'स्वयंपाकघर' असं मागे लिहिलेले ढीगभर फोटो होते आणि प्रत्येकात काकू कॅलेंडरशेजारी वैतागून उभ्या होत्या.

आता खांब चौदाबद्दल सांगते, कारण काका म्हटलं की मला तोच आठवतो.

आमच्या घरापासून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौदा नंबरच्या खांबाखाली एक बाई तर्री-पोह्यांचा ठेला लावायची. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतायची, वरून कांदा, आणि ती तर्री अशी झणझणीत की कामावर जाणारी माणसं नाक पुसत पुसत दुसरी प्लेट मागायची. ठेल्यामागे पत्र्याच्या आडोशाला तिचं कॅलेंडर टांगलेलं असे. तिचा नवरा खाली बसून कांदे चिरायचा. ती तिखट बोलायची, तो काहीच बोलायचा नाही. काका रोज सकाळी तिथे जात आणि मलाही नेत, कारण काकूंच्या मते पोहे घरी करायचे असतात आणि तर्री ही हलकट गोष्ट आहे.

माझ्या दुसऱ्या जानेवारीत आम्ही रीडिंगला गेलो तेव्हा नवरा दिसला तो कानटोपी घालून, हाडांचा सापळा होऊन. मोठ्या दवाखान्यातून नुकताच घरी आणलेला. काकांनी रोजच्यासारखं सांगितलं, "थोडं सरका वं बाई, कॅलेंडर दिसू द्या." बाई सरकली नाही. तिने नवऱ्याला हाताला धरून बाकावर आणलं आणि त्याला चिकटून बसली. बाक बरोबर कॅलेंडरसमोर होता.

"आज असाच काढा जी," ती म्हणाली. "दोघायचा."

काकांनी कॅमेरा वर नेला, खाली आणला. पुन्हा वर नेला. त्यांचा नियम मी पाहिलेला होता. हळद लागलेल्या नवरदेवालाही कॅलेंडरापायी सरकवणारा हा माणूस. पण त्या दिवशी त्यांनी बटण दाबलं. घरी येताना मात्र रस्ताभर चुकचुकत होते. "साल नाही आलं वं पोरी. रीडिंग खोटं गेलं." प्रतीच्या मागे त्यांनी लिहिलं, 'खांब १४. फॉल्टी.' मीटर बंद पडलेला असला की रीडर कार्डावर तोच शब्द लिहितात. मला राग आला होता तो शब्द वाचून. बाईच्या प्रतीमागे त्यांनी तसं काही लिहिलं नव्हतं, एवढी अक्कल त्यांना होती. मार्चमध्ये तिचा नवरा गेला. चौदाव्या दिवशी ठेला पुन्हा लागला आणि कांदे ती स्वतःच चिरू लागली.

त्यानंतर तीन जानेवाऱ्या गेल्या. एका रविवारी आम्ही पोहे खात होतो तेव्हा टेप आणि तिपाई घेऊन दोन माणसं रस्ता मोजत होती. रस्ता रुंद व्हायचा होता, सिमेंटचा व्हायचा होता, आणि तारा जमिनीखालून जायच्या होत्या. त्यातला एक बोलका होता, पोहे खायला बाकावर बसला. आणि माझी जीभ! कुठे काय बोलावं कळत नाही मला. कौतुकाने फुगून मी म्हटलं, "मोजता काय नुसतं? आमच्या काकांकडे हा रस्ता नऊ वर्षांचा आहे. खांबासकट."

तो माणूस संध्याकाळी घरी आला. काकांनी डबे उघडले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी 'वा' म्हटलं नव्हतं. मुलगा पुण्याहून फोनवर विचारायचा, "बाबा, अजून तेच का?" काकू डब्यांची धूळ झटकताना बोलून घ्यायच्या. मीसुद्धा थट्टाच करायची. आणि हा तरणाबांड सर्वेवाला एकेक फोटो उजेडात धरून म्हणत होता, "काकाजी, हे तर सोनं हाये." काकांचे कान लाल झाले होते. त्याने प्रती मागितल्या तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत जाऊन नव्या काढून आणल्या आणि प्रत्येकीच्या मागे सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. खांब बारा, चप्पल शिवणारा. खांब तेरा, चाव्यावाला. खांब चौदा, पोहे.

महिन्याभराने ठेल्यांना नोटिसा आल्या. जागा सोडा. प्रत्येक नोटिशीवर पत्ता होता, आणि पोहेवाल्या बाईच्या नोटिशीवर तो असा होता: 'खांब क्र. १४ शेजारी'.

सगळ्या नागपुरात खांबाच्या नंबराने बोलणारा एकच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठेल्यावर गेलो तर चाव्यावाल्याने पाठ फिरवली. बाई कांदे चिरत राहिली. काकांनी नेहमीसारखं बोट वर केलं, एक प्लेट.

"पोहे संपले काकाजी," ती म्हणाली.

समोर पातेलं काठोकाठ भरलेलं होतं, वाफा निघत होत्या. काकांनी पातेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवून परत फिरले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. "पोहे संपले." चौथ्या दिवशीही. मी म्हटलं, "काका, कशाला जाता अपमान करून घ्यायला?" ते म्हणाले, "तिचा हक हाये. मी जाणं बंद केलं तर ती कोणाले सांगन?" आणि गेले. त्या दिवसांत त्यांनी कॅमेरा खुंटीला टांगून ठेवला होता आणि जेवणात लक्ष नव्हतं. काकूंनी पहिल्यांदा घरी तर्री केली, त्यांना आवडते म्हणून, तर यांनी ती चाखलीसुद्धा नाही.

मला माझीच लाज वाटत होती. जीभ माझी, शिक्षा त्यांना. मग कळलं की ज्यांच्याकडे सात वर्षं सलग तिथे बसत असल्याचा पुरावा असेल, त्यांना नव्या रस्त्याच्या कडेला ओटे मिळणार आहेत. पुरावा! ठेलेवाल्यापाशी कुठला कागद? काकांनी दिलेल्या प्रतीही धुरापावसात गेलेल्या. पण आमच्या घरी डब्यात फोटो होते ना, नऊ जानेवाऱ्यांचे, कॅलेंडरासकट. काकांनी बारा, तेरा, पंधरा, सगळ्यांच्या प्रती लिफाफ्यात घातल्या आणि वाटत सुटले. चाव्यावाल्याने शिव्या देत देत लिफाफा घेतला. चप्पल शिवणाऱ्याने पाया पडून घेतला. बाईने हात पुढे केला नाही.

संध्याकाळी मी एकटी गेले. ती भांडी घासत होती.

"मावशी, काकांचा दोष नाही. त्या माणसाला मी सांगितलं होतं. तोंड माझं होतं."

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "त्यायच्या हातात कॅमेरा देल्ला ना मी? नऊ साल उभी राह्यली त्यायच्यासमोर. काहून उभी राह्यली? वाटे का आपल्याले कोणी तरी पाहून राह्यलं. अन् त्यायनं माहा पत्ता देऊन टाकला."

मला रडू आलं. मी दवाखान्यातल्या खिडकीवर रडणारी माणसं रोज पाहते, मी नाही रडत. पण तिथे रडले.

"रडून काय होते," ती म्हणाली. "सुनावणी सोमवारी हाये. तोंड तुहं होतं ना? मंग ते तोंड घेऊन चाल माह्यासंगं. तिथं बोल. अन् म्हाताऱ्याले सांग, फोटो आणा म्हणा."

सोमवारी आम्ही तिघं गेलो. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, पिशवीत डबा, भिंग आणि मीटर वाचायची ती जुनी टॉर्च. टेबलापलीकडे एक अधिकारी बाई होत्या, दमलेल्या पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी काकांना विचारलं, "तुम्ही यांना किती वर्षांपासून ओळखता?"

"नऊ वर्षं जी."

"यांचं नाव?"

काकांनी बाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "खंबा चौदा."

मागे रांगेत कोणी तरी हसलं. अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "नऊ वर्षं ओळखता आणि नाव माहीत नाही?" काकांची मान खाली गेली. मी तोंड उघडलं, बोलायलाच नेलं होतं मला, तर माझ्याही लक्षात आलं की मलाही माहीत नाही. पाच वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि मावशी म्हणून मोकळी झाले. काकांवर मी कुठल्या तोंडाने चिडत होते?

"बेबी," बाई म्हणाली. "बेबी नाव हाये माहं. लिवा."

मग काकांनी फोटो मांडले. टॉर्च लावली, भिंग धरलं, आणि त्यांची वेडी खोड पहिल्यांदा कामी आली. प्रत्येक फोटोत पत्र्यावरचं कॅलेंडर, प्रत्येक कॅलेंडरावर ठळक साल. ज्या कॅलेंडरापायी अख्ख्या नागपूरचे कान कापले गेले होते, त्याची पाच सालं अधिकारी बाईंनी टिपून घेतली. सहावा फोटो त्यांनी भिंगाखाली धरला आणि थांबल्या.

"यात साल दिसत नाही." त्यांनी फोटो उलटा केला आणि मोठ्याने वाचलं, "खांब चौदा. फॉल्टी."

बेबीबाईने वळून काकांकडे पाहिलं. त्या नजरेसमोर मी उभी राहू शकले नसते. हे मधलंच वर्ष होतं. ते गेलं की आधीची पाच एकीकडे, नंतरची तीन एकीकडे, सात सलग कुठलीच नाहीत. काकांना खोटं बोलता आलं असतं. मी असते तर बोलले असते, देवाशपथ. पण ते म्हणाले, "चूक माही हाये मॅडम. मी त्यायले सरकवाले पायजे होतं."

"चूक नोहो," बेबीबाई म्हणाली.

तिने कमरेची पिशवी सोडली. आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला, घडीवर विरलेला. तिच्यापाशी असलेला तो एकच सरकारी कागद. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला.

"मीच म्हणलं होतं त्यायले, असाच काढा," ती म्हणाली आणि तीन फोटो तिने स्वतःच्या हाताने ओळीत लावले. "पाहा मॅडम. मागच्यात उभा हाये. ह्याच्यात बसला हाये. पुढच्यात नाही. अन् हा कागद सांगते कवा गेला ते. आता अजून कायचं कॅलेंडर पायजे?"

अधिकारी बाईंनी दाखल्यावरची मार्चची तारीख पाहिली, मग फोटोतली कानटोपी पाहिली, मग पुन्हा तारीख. "थंडीचे दिवस," त्या पुटपुटल्या. त्यांनी सहावं साल लिहिलं, मग सातवं, आठवं, नववं, आणि दाखला परत देताना तो स्वतः नीट घडी घालून प्लास्टिकमध्ये ठेवला. काकांची टॉर्च अजून चालूच होती, भर दिवसा. मी त्यांच्या हातातून ती घेतली आणि बंद केली.

ओटा मिळाला. चाव्यावाल्यालाही मिळाला. पण सुनावणीहून येताना बेबीबाई काकांशी एक शब्द बोलली नाही, आणि नंतर रस्त्याचं काम सुरू झालं, ठेले उठले, तर्री बंद झाली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. काका रोज साडेआठला दारात येऊन उभे राहत आणि परत आत जात.

जानेवारीत काकूंनीच खुंटीवरचा कॅमेरा काढून त्यांच्या गळ्यात घातला. "जा आता. घरात बसून माह्या डोक्यावर मिरे वाटून राह्यले."

रस्ता ओळखूच येईना. पांढरं फटक सिमेंट, तारा जमिनीत, एकही खांब नाही. काका मधोमध उभे राहिले आणि लहान पोर बाजारात हरवावं तसे इकडेतिकडे पाहू लागले. कुठे उभं राहायचं तेच त्यांना कळत नव्हतं. मी हात धरून त्यांना ओट्यांच्या रांगेकडे नेलं. चौथ्या ओट्यावर वाफ निघत होती. मागच्या भिंतीवर नवीन कॅलेंडर लावलेलं होतं, चांगलं मोठं, ठळक आकड्यांचं.

काकांनी बोट वर केलं नाही. नुसते उभे राहिले. बेबीबाईने त्यांच्याकडे पाहिलं, प्लेट भरली, तर्री ओतली, कांदा घातला आणि समोर ठेवली.

"थंडे होऊन राह्यले," ती म्हणाली.

काका खाऊ लागले. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते तर्रीमुळे आहे असं आम्ही तिघांनीही मान्य केलं. खाऊन झाल्यावर त्यांनी कॅमेरा काढला आणि सवयीने म्हणाले, "थोडं सरका वं बाई, कॅलेंडर दिसू द्या."

बेबीबाई वळली. तिने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळी केली आणि ओट्याखाली ठेवून दिलं.

"आता कोणाले दाखवाचं हाये?" ती म्हणाली. "आज माणसं काढा." आणि मला दंडाला धरून तिने आपल्याशेजारी ओढलं.

मला वाटलं ते आता हटून बसतील. पण काकांनी कॅमेरा वर नेला तो खाली आणलाच नाही. घेतलं रीडिंग.

आता मी त्या घरात राहत नाही. माझं लग्न झालं, शहराच्या टोकाला, बेसा भागात आमचं घर झालं. काका जाऊन दोन वर्षं झाली. तो फोटो माझ्या भिंतीवर आहे, आणि माझी मुलगी विचारते, आई, हा कुठल्या वर्षीचा? त्यात कॅलेंडर नाही, खांब नाही, सांगायला काही खूण नाही. मी तिला फोटो काढून मागची बाजू दाखवते. प्रत द्यायला काका जिना चढून वर आले होते, दारातच उभं राहून त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं होतं. 'वरची खोली' असं आधी लिहिलेलं होतं, ते त्यांनी खोडलं आणि मला विचारून विचारून माझं पूर्ण नाव लिहिलं, दवाखान्यात मी लोकांची लिहिते तसं. त्याच्या वर बेबीबाईचं नाव होतं. आणि खाली, जिथे कॅलेंडर नसलेल्या फोटोवर त्यांनी एकदा 'फॉल्टी' लिहिलं होतं, तिथे लिहिलं आहे, 'रीडिंग बरोबर'.